गुबगुबीत अक्षरांचा धडा: ‘मोदक’ फॉन्ट कुठे वापरावा, कुठे नाही



गेली दोन वर्षं मंडळाची पोस्टरं मी करतो, म्हणून या अंकासाठी ‘फॉन्टवर काहीतरी लिही, सगळ्यांना उपयोगी पडेल असं’ असा निरोप आला. लिहायला बसलो आणि पोस्टरांच्या आधी एक कार्डच डोळ्यांसमोर आलं. आधी ते सांगून टाकतो.

माझी आजी, आम्ही तिला शामाय म्हणायचो, गेल्या वर्षी गेली. मोपातल्या आमच्या घरात प्रार्थनेची पुस्तकं सगळी रोमी कोंकणीतली. पण शामाय लहानपणी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. चष्मा लावून मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी घरात ती एकटीच. मला पाटीवर अ आ इ तिनेच गिरवायला लावलं. महिन्याच्या मिस्सेचं कार्ड करायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला, की ते तिच्या अक्षरांत, देवनागरीत करायचं.

फोनमध्ये तेव्हा माझ्याकडे एकच ‘भारी’ देवनागरी फॉन्ट होता, मोदक. मराठी भाषा गौरव दिनाचं पोस्टर त्यात केलं होतं आणि कॉरिडॉरमध्ये थांबून लोकांनी त्याचे फोटो काढले होते. मग काय, अख्खं कार्ड मोदकमध्ये. नाव, तारीख, वेळ, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, सगळं. घरच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत मावशीचा फोन: “हें कितें रे? चवथीचें आमंत्रण?” मी हसलो. ती हसली नाही.

खरी गोष्ट त्याच्या पुढची. मिस्सा चार वाजता होती. शामायचे धाकटे भाऊ वास्कोला असतात. त्यांना फोनवर कार्डावरची वेळेची ओळ वाचताच आली नाही. संध्याकाळची मिस्सा म्हणजे साडेपाच, असा अंदाज करून ते निघाले आणि पोचले तेव्हा चर्चचं दार बंद झालं होतं. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

यात फॉन्टचा दोष नव्हता. तो फॉन्ट कशासाठी बनवलाय हे मला माहीत नव्हतं, एवढंच. ते मी नंतर शोधून काढलं.

मोदक हा मुंबईच्या ‘एक टाईप’ या गटाचा फॉन्ट. देवनागरी बाजू सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. २०१५ पासून तो गूगल फॉन्ट्सवर आहे, ओपन फॉन्ट लायसन्सखाली. म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, पोस्टरवर वापरावा, लोणच्याच्या बाटलीवर छापून बाटली विकावी, चालतं. फक्त नुसता फॉन्टच विकता येत नाही. देवनागरीत शक्य तितकं जाड अक्षर काढायचं, या इच्छेतून तो सुरू झाला आणि आधी हाताने कागदावर रेखाटला गेला. नाव अगदी चपखल आहे. बोरूने लिहिलेल्या अक्षरात लेखणीच्या कापामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. मोदकमध्ये लेखणीचा मागमूस नाही. पिठाची उकड हातात घेऊन दाबली आणि तिचं अक्षर झालं, असं ते दिसतं.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. जाड अक्षर काढणं सोपं वाटतं. कुठल्याही ॲपमध्ये ‘बोल्ड’ दाबलं की झालं. पण अक्षर जाड होतं म्हणजे काळं वाढतं, आणि ते काळं कुठून जागा घेतं? अक्षराच्या पोटातून. ‘व’च्या पोटात गोल मोकळी जागा आहे. त्या पोटात एक तिरकी रेघ मारली की ‘ब’ होतो. ‘प’च्या पोटात रेघ मारली की ‘ष’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक डोक्यावरच्या एका तुकड्याचा. मराठी वाचताना आपण काळ्या रेघा वाचतो असं आपल्याला वाटतं, पण निम्मं काम पांढरं करत असतं. पांढरं बुजलं की ‘वारा’ आणि ‘बारा’ एकच.

रोमन लिपीत ही अडचण तेवढी नाही. ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ यांना पोटं आहेत, पण ‘एल’, ‘टी’, ‘आय’ यांना पोटच नाही. शिवाय वर मात्रा नाही, खाली उकार नाही. म्हणून ऑस्वाल्ड कूपरने १९२२ मध्ये ‘कूपर ब्लॅक’सारखं गलेलठ्ठ रोमन अक्षर केलं आणि ते शंभर वर्षं खुशाल मिरवतंय. देवनागरीत तेवढ्याच उंचीत शिरोरेषा, वर वेलांटी, तिच्यावर रफार, त्याच्यावर अनुस्वार, खाली उकार, आणि मधल्या जागेत जोडाक्षर. ‘श्रद्धांजली’तल्या ‘द्धां’कडेच बघा ना. त्याला जाड करायचं म्हणजे बाजाराच्या वेळी पेडणे बशीत आणखी दहाजण घुसवण्यासारखं आहे.

मोदकने यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. पोट पूर्ण बुजवलं नाही, आणि गोल मोकळंही ठेवलं नाही. पांढऱ्याची बारीक फट ठेवली. दोन जाड रेघा एकमेकींवर चढतात तिथे केसाएवढी पांढरी चीर सोडली, की डोळ्याला कळतं ही रेघ पुढची आणि ती मागची. मोदकाच्या कळ्या आठवा. त्या कळ्यांमधल्या खाचांमुळेच तो मोदक दिसतो, नाहीतर पिठाचा गोळा. या अक्षरांचंही तसंच. पोस्टरवर चार इंचाच्या अक्षरात ती चीर मजेशीर दिसते, अक्षर गालात हसल्यासारखं वाटतं. माझ्या कार्डावर वेळेची ओळ तांदळाच्या दाण्याएवढी होती. त्यात व्हॉट्सॲपने फोटो दाबून आणखी हलका केला. चिरा गेल्या, गोळे राहिले.

म्हणजे मोदक हा हेडिंगचा टाईप. त्याला डिस्प्ले टाईप म्हणतात. मजकुराचा टाईप वेगळा. मजकुराचं अक्षर चांगलं असेल तर ते वाचताना लक्षातही येत नाही, वाचणारा थेट अर्थावर जातो. डिस्प्लेचं काम नेमकं उलटं. आधी अक्षर दिसलं पाहिजे, मग शब्द वाचला पाहिजे. एक शब्द, फार तर चार. पाचव्या शब्दाला डोळा दमतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही, मंडळाच्या नोटीस बोर्डासमोर उभं राहून बघितलंय.

इथे एक गोष्ट वेगळी करून समजून घ्यावी लागेल, हाताने काढलेलं अक्षर आणि हाताने काढलेल्यासारखा फॉन्ट. मराठीत पहिल्या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव कमल शेडगे (१९३५–२०२०). मराठी नाटकांच्या पेपरातल्या जाहिरातींत नाटकाचं नाव असं काही लिहिलेलं असायचं, की नाटक विनोदी की गंभीर, ऐतिहासिक की घरगुती, हे नाव वाचण्याआधीच कळायचं. त्यातली कितीतरी नावं शेडग्यांच्या हातची. त्यांनी एखाद्या शीर्षकातला ‘ग’ लांबवला तर तो त्या शब्दापुरता. शेजारी कोण बसलंय हे त्या ‘ग’ला माहीत असतं. फॉन्टमधल्या ‘ग’ला शेजारी माहीतच नसतो. आज त्याच्या बाजूला ‘णपती’ येईल, उद्या ‘टार’, परवा ‘ॲस सिलिंडर’. प्रत्येकाशी त्याचं जमलं पाहिजे. आणि एकट्या ‘ग’ने भागत नाही. ग, गा, गि, गी, ग्य, ग्र, ग्न अशी सगळी बिऱ्हाडं बांधावी लागतात. देवनागरीच्या एका फॉन्टमध्ये अशी शेकड्यांनी चित्रं काढावी लागतात.

ही शेकड्यांची अडचण काही आजची नाही, आणि ती आपल्या गोव्यात, आपल्या अभ्यासक्रमातच बसलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ भाषेने मराठी, पण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. परीक्षेत आपण हे वाक्य लिहितो आणि पुढे जातो. का छापलं रोमनमध्ये? १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्सनी रोमला लिहून इथल्या लिपीत छापायची परवानगी मागितली होती. त्यात अडचण सांगितली ती हीच, की रोमनला चोवीस अक्षरं पुरतात, इथल्या लिपीचे साचे सहाशेच्या घरात जातात. मराठीची एवढी स्तुती करणारा माणूस, आणि ते पुस्तक मराठी अक्षरांत छापता आलं नाही, कारण साचे नव्हते. वर्गात हे शिकलो तेव्हा मला ती एक तारीख वाटली होती. शामायच्या कार्डानंतर तसं वाटत नाही. आमच्या घरातली पुस्तकं रोमीत आणि तिचा पेपर देवनागरीत, या दोन कपाटांमधल्या भिंतीत सहाशे साच्यांच्याही काही विटा असतील, असं मला वाटतं. आज तेवढे साचे एका फाईलमध्ये फुकट मिळतात आणि मी ते तांदळाच्या दाण्याएवढे करून टाकले.

असो. पुन्हा मजेकडे वळू. खेळकर फॉन्टची परीक्षा कशी करायची? माझं एक मत आहे, पटलं नाही तर पुढच्या अंकात भांडा. फॉन्टमधला विनोद शेपटीत असला की तो लवकर शिळा होतो. काही फॉन्टमध्ये प्रत्येक ‘क’ला मिशी किंवा प्रत्येक वेलांटीला फूल असतं. पहिल्यांदा बघून हसू येतं. पण ‘काकांच्या काकडीचा काढा’ लिहिला की पाच मिशा, आणि पाचव्या मिशीला कोणी हसत नाही. शेडग्यांसारखा कलावंत अशी गंमत एका शीर्षकात एकदा करतो आणि सोडून देतो. फॉन्टला सोडता येत नाही. मोदकचा विनोद शेपटीत नाही, अंगात आहे. सगळीच अक्षरं जाडी, त्यामुळे एकच कोणी पुढे पुढे करत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरला तरी अंगावर येत नाही.

त्याच गटाचा ‘बलू’ हा जरा कमी जाड आणि जास्त कामसू फॉन्ट. तो बऱ्याच भारतीय लिप्यांत आहे आणि प्रत्येक लिपीतल्या भावाला त्या त्या भाषेतलं नाव दिलंय. गुजराती ‘भाई’, बंगाली ‘दा’, मल्याळी ‘चेट्टन’, तमिळ ‘तंबी’, पंजाबी ‘पाजी’. कोंकणीचा ‘बाब’ त्यात नाही, कारण आपण देवनागरीतच बसतो. आणि हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण येणारा फॉन्ट हवा असेल तर कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ बघा. तो रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे.

फॉन्ट उतरवून घेतला की मी त्यात आधी एक वाक्य लिहून बघतो: ‘तऱ्हेवाईक शाळेच्या पायऱ्यांवर लालेलाल ॲपल, ऑफिसात षटकोनी डबा, बुद्धीला सुट्टी.’ वाक्याला अर्थ नाही, पण कामाचं आहे. ‘पायऱ्या’तला अर्धा ‘र’ नीट जुळतो का, की तुटून वेगळाच पडतो? ‘ॲ’ आहे का, की चौकोन येतो? ‘ळ’ घाईघाईने काढलाय का? आणि मुख्य म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचे ल, श वेगळे आणि हिंदी वळणाचे वेगळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाची रूपं प्रमाण धरली. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत असतात, पण भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. आपल्या पोस्टरांवर हिंदी ‘ल’ येतो तो बहुतेक वेळा यामुळे. शामायला तो दिसला की ती म्हणायची, “हो आमचो ल न्हय.”

वापरतानाच्या ज्या चुका मी स्वतः केल्या आहेत, तेवढ्याच सांगतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये ते ऐटबाज दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. मोदकला बाहेरून बॉर्डर देताना जपून. ॲप ती रेघ आतल्या चिरांवरही ओढतं आणि पुन्हा तोच गोळा. सावली द्यायची तर अक्षराच्या मागे, एका बाजूला, सपाट रंगाची. फ्लेक्सवाल्याकडे फाईल देताना अक्षरांचं चित्र करून द्या. बऱ्याच दुकानांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात, आणि तुमचं ‘स्नेहसंमेलन’ तिथे चिनी दिसतं. आणि प्रिंट काढण्याआधी पोस्टर फोनवर अंगठ्याएवढं करून डोळे किलकिले करून बघा. काय वाचता येत नाही ते लगेच कळतं.

मग मोदक कुठे शोभतो? मुलांच्या पुस्तकाच्या कव्हरवर, खाऊच्या स्टॉलवर, विनोदी एकांकिकेच्या नावाला, चवथीच्या आणि नाताळाच्या शुभेच्छांना, जत्रेतल्या लॉटरीच्या बोर्डाला. आमच्याकडे रस्त्याकडेला एक गाडा आहे. विमानतळ सुरू झाल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, त्या वाटेवरच्या बहुतेक पाट्या हिरव्या-निळ्या, चकाकणाऱ्या, एकाच यंत्राच्या अक्षरातल्या झाल्या आहेत. त्यांनी तसंच असायला हवं, धावत्या टॅक्सीतून ‘मोपा’ वाचता यायला हवं. पण गाड्याची पाटी अजून हाताने रंगवलेली आहे. पत्र्यावर पिवळा ऑईलपेंट, खडूत बुडवलेल्या सुतळीने मारलेल्या रेघांचे मागे राहिलेले ठसे, आणि तांबड्या अक्षरांत ‘भजी’. रंगवणाऱ्याने ‘भ’ आणि ‘ज’ असे फुगवले आहेत की आत्ताच कढईतून काढल्यासारखे वाटतात, आणि वेलांटीच्या टोकाशी रंगाचा एक ओघळ सुकलाय, तो तेलासारखा दिसतो. त्या माणसाने मोदक फॉन्ट बघितला असणं शक्य नाही, पाटी त्याच्याहून जुनी आहे. पण ‘भ’ची डोक्यावरची फट त्यानेही सोडलेली आहे. ती बुजली असती तर गाड्यावर ‘मजी’ विकली गेली असती.

जगात ही चूक करणारा मी एकटाच नाही, हे कळल्यावर थोडं बरं वाटलं. व्हिन्सेंट कोनारे यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी ‘कॉमिक सॅन्स’ केला. कारण काय, तर एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलत होता आणि ते त्यांना बघवेना. कुत्र्यासाठी केलेलं अक्षर पुढे दवाखान्याच्या नोटिसांवर आणि थडग्यांवरही पोचलं. ४ जुलै २०१२ ला सर्नमध्ये हिग्ज बोसॉनची घोषणा झाली तेव्हा फाबिओला जियानोत्ती यांच्या स्लाईड कॉमिक सॅन्समध्ये होत्या, आणि लोक बोसॉन सोडून फॉन्टवरच बोलत बसले. जियानोत्तींचं तरी शोधावर निभावलं.

‘खेळकर अक्षर दुःखात वापरूच नये का?’ असं मंडळाच्या एका मैत्रिणीने विचारलं. तसा नियम मला करता येणार नाही. शामाय स्वतः गंमतीची बाई होती. तिचं नुसतं नाव मोठ्या मोदकमध्ये, बाकी सगळं साध्या अक्षरात, असं कार्ड कदाचित तिला आवडलंही असतं. पण कार्ड तिच्यासाठी नव्हतं. ते वास्कोत बसलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या तिच्या भावासाठी होतं, आणि त्याला अक्षर नको होतं, वेळ हवी होती.

यंदा वर्षाच्या मिस्सेचं कार्ड पुन्हा मीच केलं. फॉन्ट ‘मुक्ता’, तोही एक टाईपचाच, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला, मजकुरासाठीचा. त्यात गंमत काही नाही. शामायचं नाव मध्यम आकारात, आणि कार्डावरची सगळ्यात मोठी ओळ वेळेची: ‘दुपारी ४ वाजता’. मावशीने बघून एवढंच विचारलं, “नांव ल्हान आनी वेळ व्हड?” मी हो म्हटलं. त्या दिवशी मी साडेतीनला चर्चमध्ये फुलं लावायला गेलो, तर आजोबा आधीच येऊन पहिल्या बाकावर बसलेले होते, फोन हातात, कार्ड उघडलेलं.